इंगळे मॅडम आणि बावीस मेलेले बाप

परवा आमच्या कॉलेजात इंगळे मॅडमची शोकसभा झाली आणि माझं डोकं जे फिरलं, ते अजून जागेवर आलेलं नाही. संस्थेचे अध्यक्ष पाऊण तास बोलले. मॅडम म्हणजे मायेचा झरा, मॅडम म्हणजे शांत तेवणारी समई, मॅडम म्हणजे मृदू वाणी. मृदू वाणी! ज्या बाईनं याच अध्यक्षांना भर स्टाफरूममध्ये "दादासाहेब, मुद्द्यावर या, मले तास आहे" असं सुनावलं होतं, तिची मृदू वाणी? पहिल्या रांगेतले निम्मे लोक तिच्या तोंडाला घाबरून रस्ता बदलायचे, तेच आता रुमालानं डोळे टिपत होते. मी उठून आलो. उपप्राचार्य अर्ध्या सभेतून उठून गेला म्हणून आता चार लोक बोलतील. बोलू देत.

मॅडम रागीट होत्या. एवढं एक वाक्य बोलून कोणी खाली बसला असता, तर ती खरी श्रद्धांजली झाली असती.

मेहकरला आम्ही दोघं एकाच कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायचो. त्या मला पंधरा वर्षांनी सिनियर. बुटक्या, वाळक्या, इस्त्री केलेली सुती साडी, चष्म्याला दोरी. चालायच्या इतक्या भरभर, की सोबत चालणारा बोलता बोलता मागं पडायचा आणि राहिलेलं वाक्य एकटाच पूर्ण करायचा. डब्यात रोज भाकर आणि ठेचा. कोणी "मॅडम, आज काय आणलं?" विचारलं की म्हणायच्या, "कालचंच." वर्गात त्यांची भाषा पुस्तकात असते तशी स्वच्छ असायची, पण राग आला की ती थेट त्यांच्या माहेरच्या गल्लीत जाऊन उभी राहायची. दिवसातून चारदा तरी जायचीच.

त्यांचे वडील तहसील कचेरीसमोर अर्ज लिहून द्यायचे. लिंबाखाली लाकडी पेटी, पेटीवर शाई आणि कागद, समोर गोणपाट. शाळा सुटली की मॅडम त्या गोणपाटावर जाऊन बसायच्या. "मानूस येये अन् पार आजोबापासून सुरू करे," त्या सांगायच्या. "बाबा सगळं आयकून घेत. मंग इचारत, बाप्पा, तुले पाह्यजे काय? ते एका दमात सांगता आलं तरच बाबा टाक उचलत. नाई तं म्हणत, जा, चहा पिऊन ये, अन् इचार करून ये."

निवृत्त झाल्यावर मॅडमनी घराच्या ओसरीवर जो वर्ग सुरू केला, तो याच पद्धतीवर. बारावीनंतर कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला, एका मोठ्या विद्यापीठात जायचं तर प्रवेश परीक्षा असते. तिच्यात लेखी भाग असतो: दोन प्रश्न, प्रत्येकी दीडशे शब्द. एक म्हणजे तुमचं आयुष्य बदलणारा प्रसंग, आणि दुसरा, हा अभ्यासक्रम तुम्हाला का हवा. दीडशेच्या वर एक शब्द गेला तरी गुण कापतात. आमची पोरं गणितात मार खात नाहीत, सामान्यज्ञानात मार खात नाहीत, इथं मार खातात. कारण आम्ही मराठीचे मास्तर त्यांना पहिलीपासून पानं भरायला शिकवतो. पान भरलं की गुण, पुरवणी जोडली की जास्त गुण. हे पाप आमचं आहे.

मॅडमच्या ओसरीवर पहिले दहा दिवस पेनाला हात लावायचा नाही. पोरानं उभं राहायचं आणि एका दमात सांगायचं, मला काय म्हणायचं आहे. दम संपला की बसायचं. गणेश नावाचा एक पोरगा होता, चांगला हुशार. त्यानं अकराव्या दिवशी पेन उचललं आणि पहिली ओळ लिहिली, "भारत हा कृषिप्रधान देश आहे." मॅडमनी ती वही अंगणात भिरकावली. थेट तुळशीपाशी.

"अबे, भारत कुठी पळून चालला का? तो अथीच आहे. तू कोण आहे ते सांग ना लेकाच्या! तुह्यासाठी तपासणारा बसला आहे तिकडं, भारतासाठी नाई."

गणेश वही उचलून परत आला. दुसऱ्या दिवशी मात्र आला नाही. चौकातल्या क्लासला लागला, जिथं एसी होता आणि सर लोक "बेटा" म्हणायचे. एकट्या गणेशचं नाही, अशी बरीच पोरं मॅडमच्या तोंडामुळं गेली. हेही लिहायलाच पाहिजे. चिडल्या की त्यांना समोरचं पोर अठरा वर्षांचं आहे हे दिसायचंच नाही. एकदा मी म्हणालोसुद्धा, "मॅडम, जरा सबुरीनं." तर मलाच म्हणाल्या, "तुम्ही आहात ना गोड बोलायला. एका गावाले एक पुरे."

खरंच होतं ते. मी गोड होतो आणि आहे. निरोप समारंभ असो, वाढदिवसाचा अंक असो, संस्थेचा अहवाल असो, लिहायला मी. आमचे जुने प्राचार्य निवृत्त झाले तेव्हा मी मानपत्र वाचलं, साडेतीन पानांचं. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यानंतर मॅडम उठल्या. "सरांनी एकतीस वर्षांत एकही तास बुडवला नाही. मी बुडवले. सर मला एकदाही बोलले नाहीत, म्हणून मी ते बंद केलं." आणि बसल्या. माझं मानपत्र प्राचार्यांनी कुठं ठेवलं देव जाणे. मॅडमची ती तीन वाक्यं ते आजही भेटेल त्याला ऐकवतात.

आता उज्ज्वलाचं सांगतो. त्यासाठीच तर बसलोय.

उज्ज्वला अकरावीत माझ्या वर्गात होती. मेहकरपासून आठ किलोमीटरवरच्या खेड्यातली, एसटीनं यायची. त्या वर्षी तिचे वडील गेले. विहिरीवरची मोटर सुरू करायला गेले आणि शॉक लागला. खांबावरची तार लोंबकळते आहे म्हणून त्यांनी त्याआधी तीनदा अर्ज दिला होता. कोणी फिरकलं नाही. वर्गशिक्षक म्हणून मी भेटायला गेलो. पोरगी मला शेतात घेऊन गेली आणि बांधाकडं बोट दाखवून म्हणाली, "सर, मी आली तं बाबाच्या चपला अथी होत्या. जोडीनं, नीट ठेवलेल्या. चिखलात भरू नये म्हून काढल्या असतीन. नव्या होत्या." बस, एवढंच. रडली नाही ती. मी रडलो.

बारावीत तिनं ठरवलं, कायदा शिकायचा. मॅडमच्या ओसरीवर ती सगळ्यांच्या मागं बसायची. तिनं पहिल्यांदा वडिलांवर लिहिलं ते दीड पान होतं. आभाळ कोसळलं, काळानं घाला घातला, पितृछत्र हरपलं. मॅडमनी वाचलं आणि कागद तिच्या पुढ्यात टाकला.

"तुहा बाप कशानं गेला व पोरी?"

"शॉकनं."

"मंग आभाळ कायले पाडून राह्यली? शॉक लिही."

पोरगी तोंड झाकून रडली. मी तिथंच होतो, मला मॅडमचा अस्सा राग आला! तीन दिवस उज्ज्वला आली नाही. चौथ्या दिवशी आली ती एक कागद घेऊन. मॅडमनी तो मलाही दाखवला. "माझे वडील मोटर सुरू करायला गेले आणि शॉक लागून वारले. मी शेतात पोचले तेव्हा त्यांच्या नव्या चपला बांधावर जोडीनं ठेवलेल्या होत्या. त्या तारेबद्दल त्यांनी तीन अर्ज केले होते. तिन्हीच्या पोच आमच्या घरी आहेत." असं ते दीडशेच्या आत संपलेलं. मॅडम आत गेल्या आणि चहा करून आणला, तिला आणि मला. त्या ओसरीवर कोणा विद्यार्थ्याला चहा मिळालेला मी पाहिला, तो तेवढाच.

पोरीचा प्रवेश ठरल्यासारखाच होता. बाकीच्या पेपरात ती पक्की होती, आणि लेखीत तिच्यासारखं जिल्ह्यात कोणी लिहिणार नव्हतं. आई म्हणाली होती, एकच वर्ष बघू, नाही जमलं तर माझ्यासोबत कामाला चल.

परीक्षा झाली. निकाल लागला तेव्हा आमच्या केंद्रावरच्या तेवीस मुलांपुढं एकच शेरा: लेखी उत्तरं एकसारखी आढळल्यामुळं गुण रोखले आहेत. हरकत असल्यास पुराव्यासह सात दिवसांत कळवावं. तेविसातलं एक नाव उज्ज्वलाचं.

उरलेली बावीस पोरं चौकातल्या क्लासची. पालक भांबावले आणि गेले कुठं, तर मॅडमकडं! आधी तोंडामुळं पोरं काढून नेली आणि आता अडलं तेव्हा तीच ओसरी आठवली. मॅडमनी कोणाला हाकललं नाही. बावीसही पोरांना कोरे कागद दिले. म्हणाल्या, "परीक्षेत जे लिहिलं तेच अथी लिहा. जसंच्या तसं."

पोरांनी लिहिलं. एकानंही मान वर केली नाही. अंगणात बापमंडळी उभी होती, कोणी मोटारसायकलला टेकून, कोणी टोपी हातात घेऊन. मीही होतो, दारापाशी. मॅडमनी वरचाच कागद उचलला, गणेशचा, आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. "माझे वडील भल्या पहाटे शेतात गेले. मोटरीची कळ दाबली आणि काळानं झडप घातली..."

गणेशचा बाप पुढं आला. चांगला धडधाकट गडी, मिशीवाला. "मॅडम," तो म्हणाला, "मी तं जिता आहो."

कोणीतरी हसलं. मॅडमनी दुसरा कागद उचलला. त्यातही बाप शॉकनं गेलेला. तिसऱ्यातही तेच, चौथ्यातही तेच. हसणं बंद झालं. बावीस पोरांनी बावीस बाप एकाच विहिरीवर मारले होते, आणि त्यातले निम्मे अंगणात उभे राहून ऐकत होते.

"लाज नाई वाटली बे?" मॅडमचा आवाज फाटला. "जो बाप तुले गाडीवर मांगं बसवून परीक्षेले घेऊन गेला, त्याले तू आत जाऊन मारलं? दीडशे शब्दांत?"

गणेश रडत म्हणाला, "क्लासमधी पाठ करायले देला होता मॅडम. सर म्हणे, बाप मेला की मार्क पडतात."

मॅडम वाचतच राहिल्या. शेवटाकडं एक ओळ होती. "आणि बांधावर त्यांच्या नव्या कोऱ्या चपला, जणू आत्ताच परत येणार असल्यासारख्या, जोडीनं वाट पाहत होत्या." तिथं त्या थांबल्या. आधी कोपऱ्यात बसलेल्या उज्ज्वलाकडं पाहिलं. मग मान वळवून माझ्याकडं.

तो निबंध मी लिहिला होता.

क्लासवाला माझा जुना विद्यार्थी. एक दिवस घरी आला आणि म्हणाला, "सर, एक नमुना निबंध द्या. तुमच्यासारखं काळजाला भिडणारं लिहिणारं कोणी नाही." मी पाघळलो. एका बैठकीत लिहिला, उज्ज्वलाच्या बापाचं मरण घेतलं, तिनं दाखवलेल्या चपला घेतल्या, वर माझं 'जणू' लावलं. विचारलं नाही, सांगितलं नाही. तो पोरांना नुसता दाखवायला आहे, असं मी स्वतःला समजावलं. पण आमच्याकडं नमुना दाखवतात कुठं? पाठ करून घेतात. हे मला, वीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला, माहीत नव्हतं म्हणता? डोंबल!

पालक आणि पोरं गेल्यावर मॅडम माझ्याजवळ आल्या. आरडाओरडा नाही. एवढ्या वर्षांत त्यांना इतकं हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"सर, उज्ज्वलाचा अर्ज मी लिहिते. मृत्यूचा दाखला जोडते, तीन अर्जांच्या पोच जोडते. तेवढ्यानं व्हायचं नाही. ते म्हणतील, पाठ केलेल्यांत एकीचा बाप योगायोगानं खरंच मेलेला. तुमचं लेखी पाहिजे."

"देतो ना," मी म्हणालो. "उद्याच देतो."

दुसऱ्या दिवशी मी दोन पानं घेऊन गेलो. ग्रामीण विद्यार्थ्यांची तळमळ, नमुना लेखनामागचा शैक्षणिक हेतू, माझ्या भावनांचा झालेला गैरवापर. मॅडमनी ओट्यावर बसून पेन काढलं आणि पहिल्या ओळीपासून काट मारत खाली आल्या. दोन्ही पानांवर उभं राहिलं एवढंच: "तो निबंध मी लिहिला. प्रसंग उज्ज्वलाच्या घरचा आहे. मी तो तिला न विचारता घेतला."

"हे कोऱ्या कागदावर उतरवा अन् सही करा."

मी तो कागद पाहत राहिलो. दोन पानांत मी कुठं तरी बरा माणूस होतो. त्या तीन ओळींत लपायला जागाच नव्हती. त्यातून त्याच महिन्यात संस्थेत उपप्राचार्य नेमायचा होता आणि माझं नाव पुढं होतं. खासगी क्लाससाठी लिहितो हे कळलं असतं तर पत्ता कट. मी म्हणालो, "मॅडम, घरी विचारतो. उद्या सही करून आणतो."

"पाच दिवस आहेत," त्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला, उचलला नाही. तिसऱ्या दिवशी त्या कॉलेजात आल्या, तर मी मागच्या दारानं निघून गेलो. हो, मागच्या दारानं, प्रयोगशाळेच्या बाजूनं, सायकल स्टँडमधून. मुदतीच्या शेवटच्या, सातव्या दिवशी त्यांनी उज्ज्वलाचा अर्ज माझ्या कागदाशिवाय पाठवला. नवव्या दिवशी मी सही करून कागद नेला. मॅडमनी तो घेतला, तारीख पाहिली, आणि माझ्यासमोर दार लावलं. तरी त्यांनी तोही पाठवला, हे मला पुढं कळलं. उत्तर आलं: विद्यार्थिनीचं लेखन स्वतःचं असल्याचा पुरावा मुदतीत मिळाला नाही.

उज्ज्वलाचं वर्ष गेलं. मी उपप्राचार्य झालो. संस्थेनं हार घातला, फोटोही आहे.

मॅडमनी मग तिच्या आईला कसं मनवलं, ते मला ठाऊक नाही. पोरगी वर्षभर आईसोबत कामाला जायची आणि रविवारी ओसरीवर यायची. दुसऱ्या खेपेला तिनं परीक्षेत वडिलांबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. मॅडमनीच सांगितलं होतं, "तो प्रसंग आता बाजारात गेला. त्याले हात नको लावू." तिच्या आयुष्यातली सगळ्यात खरी गोष्ट मी तिला वापरण्याजोगी ठेवली नव्हती. तिनं लिहिलं ते एसटीत जागा धरण्यावरून झालेल्या भांडणावर, असं म्हणतात. प्रवेश मिळाला.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. तिसऱ्या वर्षाला आहे आता. मॅडमच्या विद्यार्थ्यांची एक छोटी पुस्तिका काढते आहे. "सर, तुम्ही लिहा ना मॅडमवर. तुमच्यासारखं कोण लिहीन?" म्हणजे तो निबंध माझा होता, हे तिला अजून माहीत नाही. चार वर्षांत मॅडमनी तिला सांगितलं नाही. माझ्यावर दया म्हणून नाही, ती बाई दयाबिया करणारी नव्हती. ते सांगणं माझं काम होतं, म्हणून.

तेव्हा उज्ज्वला, तू हे सगळ्यांच्या आधी वाचशील. छापायचं की नाही, तू ठरव.

मॅडमला मी शेवटचं नीट पाहिलं ते मेहकरच्या बसस्टँडवर, उज्ज्वला शहरात शिकायला निघाली त्या दिवशी. सकाळचे दहा वाजले असतील. मी कुठून तरी येत होतो, पोरीनं लांबूनच "सर!" म्हणून हाक मारली, मग टाळता आलं नाही. मॅडम ट्रंकेवर बसल्या होत्या. मला पाहून उठल्या नाहीत, नजर मात्र हटवली नाही. उज्ज्वला वाकून माझ्या पाया पडली. "सर, आशीर्वाद द्या," म्हणाली. मी वर पाहिलं. मॅडम माझ्याकडं पाहत होत्या, आणि खरं सांगतो, त्या नजरेत राग नव्हता. त्या वाट पाहत होत्या. बस लागलेली, ड्रायव्हरचा पत्ता नाही, कंडक्टर तंबाखू मळतोय. मी तोंड उघडलं.

"नीट राहा बेटा," मी म्हणालो. "आईला फोन करत जा."

ड्रायव्हर आला, ट्रंक चढवली, बस गेली. फलाटावर आम्ही दोघंच उरलो. सव्वा वर्षात मॅडम माझ्याशी बोलल्या नव्हत्या. त्यांनी पदर खोचला, पिशवी उचलली आणि म्हणाल्या,

"सर, चार शब्द होते. बस दहा मिनिटं उभी होती."

आणि नेहमीसारख्या भरभर चालत स्टँडच्या बाहेर गेल्या.